बटूचं वजन

फेब्रुवारी संपताना रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं, की सिंह राशीचा विळा ओळखायला वेळ लागत नाही. विळ्याच्या मुठीच्या टोकाशी मघा, निळसर पांढरी, ठसठशीत. तिच्या जवळच, मुठीतलाच आणखी एक जरा मंद तारा. त्या मंद ताऱ्यापासून मघेच्या दिशेने पौर्णिमेच्या चंद्राच्या दीडपट रुंदीएवढं सरकायचं आणि थांबायचं. तिथं काहीही दिसत नाही. आमच्या कॉलेजची छोटी दुर्बीण लावली तरी नाही. मी दर वर्षी अकरावीच्या मुलांना नेमकं याच जागेकडे बघायला लावते आणि दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, तिथं काहीच नाहीये."

तिथं एक आख्खी दीर्घिका आहे. नाव सेग्वे १. अंतर सुमारे ७५ हजार प्रकाशवर्षं, म्हणजे दीर्घिकांच्या हिशोबात अगदी शेजारच्या वाड्यात. तरी ती सापडायला २००६ साल उजाडावं लागलं, आणि तेही कुणी डोळा लावून शोधली म्हणून नव्हे. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या मोठ्या आकाशनोंदणीतले लाखो तारे संगणकाने चाळले, तेव्हा एका ठिकाणी किंचित दाटी आढळली. सगळे तारे मिळून तिचा उजेड कसाबसा साडेतीनशे सूर्यांएवढा. एकटी मघा जवळपास तेवढा उजेड देते. तेव्हा असं समजा, की ती दीर्घिका म्हणजे एक मघाच, फक्त हजारपट लांब नेऊन, भुकटी करून उधळलेली.

आणि हिचं वजन? काही लाख सूर्यांएवढं. (वजन म्हटलं म्हणून माझेच विद्यार्थी मला पकडतील, परीक्षेत याचा अर्धा गुण मी कापते. म्हणायचं आहे वस्तुमान. पण मराठीत माणसाचं वजन असतं, शब्दाचं असतं, तर दीर्घिकेचं असायला हरकत नाही.)

अशा चिमुकल्या दीर्घिकांना मराठीत बटू दीर्घिका म्हणतात. मला हा शब्द इंग्रजीतल्यापेक्षा नेमका वाटतो, कारण बटू म्हटलं की आपल्याला वामन आठवतो. दारात उभा राहिलेला, छत्री घेतलेला मुंज्या मुलगा, आणि पाऊल उचललं तेव्हा त्याला पृथ्वी पुरेना. माझं मन त्या गोष्टीत बळीराजाच्या बाजूचं आहे, पण त्याची चूक मात्र खगोलशास्त्रज्ञांनीही बरीच वर्षं केली: दिसतं तेवढंच आहे असं धरलं.

आता वजन करायचं कसं? तराजूत घालता येत नाही. संध्याकाळी गोठ्याजवळ चिलटांचा घोळका बघितला असेल. प्रत्येक चिलट वाट्टेल तसं उडत असतं, पण घोळका जागचा हलत नाही. ताऱ्यांचंही तसंच. सेग्वेतले तारे शिस्तीत गोल फिरत नाहीत, कुणी इकडे, कुणी तिकडे. तरी घोळका टिकून आहे, म्हणजे त्याला काहीतरी धरून ठेवतंय. जितक्या वेगाने तारे पळू बघतात, तितकी धरून ठेवणारी ओढ मोठी हवी. ओढ म्हणजे गुरुत्वाकर्षण, आणि गुरुत्वाकर्षण म्हणजे द्रव्य. वेग मोजा, वजन कळतं.

वेग मोजायचा वर्णपटावरून. ताऱ्याच्या तांबड्याच्या पलीकडच्या प्रकाशात कॅल्शियमच्या तीन काळ्या रेषा असतात. तारा दूर जात असेल तर त्या रेषा किंचित तांबड्याकडे सरकतात. किंचित म्हणजे किती? सेकंदाला चार किलोमीटर वेगासाठी तरंगलांबीच्या लाखात एक-दीड भाग. पुण्याहून मुंबईपर्यंतचा रस्ता मोजताना दोन मीटरची चूक पकडण्याइतकं. हवाईतल्या मौना केआ शिखरावरची केक दुर्बीण, जिचा आरसा दहा मीटरचा आहे, ते करू शकते.

पण त्याआधी आणखी एक पंचाईत. सेग्वेच्या दिशेला आपल्या आकाशगंगेचेही तारे पसरलेत, आणि ते पुष्कळ जास्त आहेत. आपले कोण, परके कोण? इथं मी मुलांना आषाढातला रस्ता आठवायला सांगते. लाखोंच्या गर्दीत एका दिंडीतली माणसं कशी ओळखायची? एकाच चालीने, एकाच दिशेला जातात म्हणून. सेग्वेचे तारे सूर्याच्या तुलनेत सेकंदाला साधारण २०८ किलोमीटरने दूर चाललेत. आकाशगंगेच्या तिथल्या ताऱ्यांत ही चाल फारशी कुणाची नाही. येल विद्यापीठातल्या मार्ला गेहा, जोश सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केकवर रात्री घालवून अशी दिंडी वेगळी काढली. २०११ सालच्या शोधनिबंधात तिच्यातले ७१ तारे आहेत.

हा हिशोब मी वर्गात करून घेते, कारण त्याला अकरावीच्या गणितापलीकडचं काही लागत नाही. फळ्यावर दहा आकडे लिहिते. आकडे माझेच, सोपे पडावेत म्हणून बनवलेले, पण खऱ्याच्या जवळचे: २०२, २०४, २०६, २०६, २०८, २०८, २१०, २१०, २१२, २१४. दहा ताऱ्यांचे वेग, सेकंदाला किलोमीटरमध्ये. सरासरी काढा. २०८. आता प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक, त्याचा वर्ग, आणि त्या वर्गांची सरासरी. मागच्या बाकावरून सुस्कारा येतो, कारण हा तोच प्रमाण विचलनाचा रटाळ धडा. उत्तर १२. त्याला चारने गुणा, मग दीर्घिकेच्या त्रिज्येने, म्हणजे २९ पार्सेकने. पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं. शेवटी न्यूटनच्या स्थिरांकाने भागा. या मापांत तो ०.००४३ इतका सोयीचा येतो.

सव्वातीन लाख सूर्य.

वर्गात थोडी शांतता पसरते. ७१ खऱ्या ताऱ्यांवरून आणि बऱ्याच काळजीने काढलेला आकडा सुमारे ६ लाख आहे, आणि तोही निम्मा किंवा दुपटीहून जास्त असू शकतो, असं तो निबंध स्वतःच सांगतो. पण असू दे निम्मा. उजेड साडेतीनशे सूर्यांचा आणि वजन लाखांत! मंद, म्हातारे तारे धरून, पदरचे घालूनसुद्धा ताऱ्यांचं वजन हजार सूर्यांच्या घरात जातं. उरलेलं काय आहे?

मी मुलांना उलटा हिशोबही करायला लावते. समजा, हजार सूर्यांपलीकडे तिथं काहीच नाही. मग तारे किती वेगाने हिंडले तर घोळका टिकेल? सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी सातशे किलोमीटर. प्रवासी विमान याहून जोरात जातं. प्रत्यक्षात ते ताशी १३ हजारांनी पळताहेत. ताऱ्यांचीच ओढ असती तर पाऊण कोटी वर्षांत घोळका उधळून गेला असता. ते तारे हजार कोटी वर्षांहून म्हातारे आहेत. उधळायला त्यांना हजारवेळा तरी सवड मिळाली होती, आणि ते अजून जागेवर आहेत.

त्यांना धरून ठेवणारं जे आहे, त्याला आपण कृष्णद्रव्य म्हणतो. शब्द जरा फसवा आहे. काळी वस्तू उजेड अडवते, दिसते. हे उजेड अडवत नाही, देत नाही, परतवत नाही. काचेसारखं म्हणावं तर काचही चकाकते.

कृष्णद्रव्याची कहाणी सांगणारे सहसा फ्रिट्झ झ्विकीपासून सुरुवात करतात. त्याने १९३३ साली अरुंधती केश तारकासमूहातल्या दीर्घिकांचा समूह बघितला आणि त्या फारच जोरात पळताहेत असं म्हटलं. मग १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांची देवयानी दीर्घिकेवरची मोजणी. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मोठ्या आहेत, पण पुष्कळदा सांगून झाल्यात. मला तिसरी जास्त आवडते, कारण तीत फक्त तीन तारे आहेत.

ड्रॅको, म्हणजे आपला कालेय तारकासमूह. तिथल्या बटू दीर्घिकेत मार्क आरन्सन नावाच्या तरुण खगोलशास्त्रज्ञाने अॅरिझोनातल्या मल्टिपल मिरर दुर्बिणीने तीन कार्बन ताऱ्यांचे वेग मोजले. कार्बन तारे का, तर त्यांचे वर्णपट ठळक असतात, मंद असले तरी वेग नेमका काढता येतो. तीनच तारे, पण त्यांचे वेग एकमेकांपासून इतके वेगळे निघाले, की तेवढ्याशा दीर्घिकेत ते मावेनात. १९८३ साली त्याने निबंध लिहिला आणि शीर्षकातच त्याला पहिली चाहूल म्हटलं. चाहूल, शोध नाही, पुरावा नाही. बऱ्याच जणांना ते धाडसाचं वाटलं, आणि वाटायलाच हवं होतं: तीन माणसांची उंची मोजून कुणी गावाची सरासरी सांगितली तर आपणही हसू. पण पुढे शेकडो ताऱ्यांचे वेग मोजून झाले आणि चाहूल खरी ठरली. आरन्सनच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं. १९८७ साली किट पीक वेधशाळेत, दुर्बिणीच्या फिरत्या घुमटाच्या अपघातात तो गेला. वय ३६.

हे सगळं हवाईत आणि अॅरिझोनात. पण आमच्या जुन्नर तालुक्यातल्या मुलांना मी हा विषय शिकवते, तो तेवढ्यासाठी नव्हे. नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं, की ऊस आणि कांद्याच्या वावरांपलीकडे तारेच्या जाळीच्या प्रचंड ताटल्या उभ्या दिसतात. ४५ मीटर व्यासाच्या तीस. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही जीएमआरटी, महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, ती सगळ्यांसाठी खुली असते आणि आसपासच्या शाळांची मुलं आपापली मॉडेलं घेऊन येतात. गाड्याच्या गाड्या भरून.

त्या ताटल्या ऐकतात. हायड्रोजनचा थंड वायू एक विशिष्ट रेडिओ लहर सोडतो, २१ सेंटिमीटर लांबीची. अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत. विश्वातल्या सगळ्यात साध्या अणूची खूण आपल्या पंजात मावते, हे मला दर वेळी सांगताना बरं वाटतं. मुलं लगेच वीत पसरून बघतात, आणि मग कुणाची वीत जास्त हायड्रोजनची यावर भांडण.

या वितीच्या लहरीने जीएमआरटीवर आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि रशियाचे इगोर कराचेन्त्सेव्ह यांनी एनजीसी ३७४१ ही बटू दीर्घिका पाहिली. ती सप्तर्षीत आहे, साधारण एक कोटी प्रकाशवर्षांवर. फोटोत बघाल तर अंधारात पडलेला बारीक निळसर ठिपका. पण रेडिओत तिचा वायू दिसतो, आणि तो ताऱ्यांच्या भागाच्या आठपटींहून लांबवर पसरलाय. चवलीएवढी बत्ती आणि परातीएवढं तेल.

सेग्वेतले तारे चिलटांसारखे होते. इथं वायू शिस्तीत गोल फिरतो, त्यामुळे चिलटं सोडून गोफण हातात घ्यावी लागते. आमच्याकडच्या मुलांना ती काय असते ते सांगावं लागत नाही. बाजरीवर पाखरं बसायला लागली की घरोघर निघते. गोफण फिरवताना हाताला ताण जाणवतो. जोरात फिरवली की जास्त ताण. डोळे मिटून फिरवली तरी ताणावरून वेग सांगता येईल, आणि वेगावरून ताण. आता मी मुलांना म्हणते, दोरी अदृश्य आहे असं समजा. दगड तेवढा गोल फिरताना दिसतोय. दोरी नाही म्हणाल का?

सूर्यमालेत ही अदृश्य दोरी जसजशी लांबते तसतशी ढिली होते. बुध सेकंदाला ४७ किलोमीटरने धावतो, नेपच्यून जेमतेम साडेपाचने. सगळं वजन मधे सूर्यात असल्यावर असंच होणार. एनजीसी ३७४१ मध्ये सगळे तारे मधल्या ठिपक्यात. म्हणजे बाहेरचा वायू रेंगाळायला हवा. तो रेंगाळत नाही. कडेपर्यंत वेग टिकून राहतो. बाहेरच्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेतही वजन भरलेलं आहे, आणि तिथपर्यंतचं सगळं मोजलं तर सूर्यासारख्या एकेका उजेडामागे शंभर सूर्यांचं वजन निघतं. २००५ साली हा निबंध आला. मग याच गटाने जीएमआरटीवर साठहून अधिक मंद बटू दीर्घिकांची नोंद केली. बाजूला ऊस, त्यात बिबट्या, आणि ताटल्या मात्र सप्तर्षीकडे कान लावून.

मग मुलं विचारतात आणि विचारायलाच हवं: बटूंमध्येच इतकं का? विश्वात सगळीकडे कृष्णद्रव्य साध्या द्रव्याच्या पाचेकपट आहे. पाचपट कुठे आणि शेकडोपट कुठे! उत्तर असं दिसतं, की बटूंना कृष्णद्रव्य जास्त मिळालं असं नाही. साधं द्रव्य त्यांना राखता आलं नाही. विश्वाच्या पहिल्या शंभरेक कोटी वर्षांत सुरुवातीच्या ताऱ्यांच्या जंबुपार प्रकाशाने सगळीकडचा वायू तापला. मोठ्या दीर्घिकांची ओढ तापलेला वायू धरून ठेवण्याइतकी होती. सेग्वेसारख्या बटूंची नव्हती. त्यातच त्यांच्या पोटात फुटलेल्या अतिनवताऱ्यांनी उरलासुरला वायू हुसकून लावला. तव्यावरचं पाणी उडून जावं आणि तवा तेवढा राहावा. कृष्णद्रव्य तापत नाही, उडत नाही, ते राहिलं. सेग्वेचे तारे म्हणजे वायू उडून जायच्या आधी घाईघाईने जमलेले मूठभर जीव.

म्हणून तर बटूंवर इतक्या जणांचा डोळा. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील तर गॅमा किरण निघावेत, अशी एक कल्पना आहे. आकाशगंगेच्या मध्यावर शोधायला जावं तर तिथं इतर हजार गोष्टी गॅमा किरण फेकताहेत. बाजारात टाचणी पडल्याचा आवाज ऐकण्यासारखं ते. सेग्वेसारख्या बटूंमध्ये वायू नाही, नवे तारे नाहीत, सगळं सामसूम. २००८ पासून अवकाशात असलेली फर्मी दुर्बीण या सामसुमीकडे कान देऊन आहे. खात्रीने म्हणावं असं अजून काही ऐकू आलेलं नाही. जमिनीखाली टाक्या भरून द्रव झेनॉन ठेवलेलेही असा एखादा कण त्यावर आदळायची वाट बघताहेत. हा कण काय आहे, ते कुणालाच सांगता येत नाही, आणि मुलांपुढे हे कबूल करताना मला मुळीच कमीपणा वाटत नाही. पाठ्यपुस्तकात इतकं मोठं रिकामं पान क्वचितच सापडतं.

गुरुत्वाकर्षणाचा नियमच चुकत नसेल ना, हा प्रश्नही जुना आहे. मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ साली तसं मांडलं आणि काही दीर्घिकांत तो हिशोब चांगला बसतोही. पण २०१८ साली पीटर व्हान डोक्कम यांच्या गटाने तिमिंगल तारकासमूहातली एक दीर्घिका पुढे आणली, डीएफ२. तिच्यात तारे जितके, वजन जवळपास तितकंच. कृष्णद्रव्य जवळजवळ नाही! तिच्या अंतरावरून पुष्कळ वाद झाले, नंतर हबल दुर्बिणीने अंतर पुन्हा मोजून घेतलं. गंमत बघा: नियम चुकला असता तर तो सगळीकडे सारखा चुकला असता. एका दीर्घिकेत कृष्णद्रव्य नसणं, हा ते दुसरीकडे खरोखर असण्याच्या बाजूचा पुरावा होऊन बसला. हे वाक्य मी वर्गात दोनदा म्हणते.

फळ्यावरच्या त्या दहा आकड्यांची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. दुसऱ्या दिवशी मी मुलांच्या नकळत एक आकडा बदलून ठेवते. दोन २०८ आहेत, त्यांतल्या एकाचा २२८ करते आणि म्हणते, नव्या रात्रीचे वेग आलेत, करा हिशोब. सरासरी २१० येते, वर्गांची सरासरी १२ ऐवजी ४८, आणि वजन सव्वातीन लाखांवरून तेरा लाखांवर. एका ताऱ्यापायी चौपट. मग सांगते, की हा जोडतारा आहे. जोडीदाराभोवती फिरताना तो त्या रात्री आपल्यापासून दूर चालला होता, म्हणून वेग वाढलेला दिसला. त्याचा दीर्घिकेच्या वजनाशी काही संबंध नाही. हे माझ्या मनचं नाही. ट्रायअँग्युलम २ या बटू दीर्घिकेत असंच झालं. २०१५ साली इव्हान कर्बी यांच्या गटाने सहा ताऱ्यांवरून ती अतोनात जड असल्याचं मांडलं. मग पुन्हा वेग मोजले, तर त्यांतला एक जोडतारा निघाला, आणि २०१७ साली त्याच गटाने आपलंच म्हणणं मागे घेणारा निबंध छापला. सेग्वेच्या वेळी तर आधीपासूनच तारे वेगवेगळ्या वर्षी पुन्हा मोजले होते, वेग बदलणारे पकडायला.

यंदा हे सांगून झाल्यावर एक मुलगी उठून फळ्यापाशी आली. "मॅडम, मग उरलेल्यांतही जोडतारे असतील तर?" मी म्हटलं, काढून टाक संशयित. तिने २२८ पुसून परत २०८ केला, आणि दोन्ही टोकांचे, २०२ आणि २१४, खोडले. आठ तारे उरले. वजन निम्म्यावर आलं, एक लाख साठ हजार. तिने २०४ आणि २१२ खोडले. सहा उरले. बहात्तर हजार. "अजूनही हजाराच्या बहात्तरपट," मागून कुणीतरी ओरडलं. तिने खडू थांबवला नाही. पुढची चार खोडली, मग फळ्यावर फक्त दोन २०८ राहिले, फरक शून्य, वजन शून्य.

वर्ग हसला. ती हसली नाही. थोडा वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "दहाच होते म्हणून लवकर संपले. ते एकाहत्तर कुठे मिळतील?"

मी तिला त्या शोधनिबंधातला तक्ता छापून दिला.